जेम्बेचा वर्ग आधी, कार्यक्रम नंतर

अमेरिकेत फेब्रुवारी महिना कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना म्हणून पाळला जातो. कार्टर वुडसन या इतिहासकाराने 1926 मध्ये एका सप्ताहाच्या रूपाने त्याची सुरुवात केली आणि 1976 पासून तो महिनाभर पाळला जाऊ लागला. या दिवसांत शाळा, ग्रंथालये, नगरपालिका आणि मोठ्या कंपन्या या साऱ्यांना एकाच वेळी पश्चिम आफ्रिकेचे ढोल आणि नृत्य सादर करणारे मुलांचे पथक हवे असते. रंगीत वेशातील आठ-दहा वर्षांची मुले जेम्बे या ढोलाच्या ठेक्यावर नाचतात, सभागृह उत्साहाने टाळ्या वाजवते, मुख्याध्यापक किंवा एखादा नगरसेवक आभार मानतो आणि वीस मिनिटांत सारे आटोपते. मार्च उजाडला की त्याच पथकाचे शिक्षक तालमीसाठी परवडणारी जागा शोधत हिंडू लागतात.

या पथकांकडे आपण कार्यक्रम पुरवणारी मंडळी म्हणून पाहतो आणि त्यांच्यासंबंधीचे बहुतेक चुकीचे निर्णय या दृष्टीतून जन्माला येतात, असे माझे मत आहे. मुलांचे असे पथक ही मुळात एक शाळा असते. तिचे खरे काम आठवड्यामागून आठवडे भरणाऱ्या वर्गात चालते आणि रंगमंचावरचा प्रयोग हे त्या कामाचे केवळ वरवर दिसणारे टोक असते. म्हणून सार्वजनिक पैसा, मग तो शहराचा असो, राज्याचा असो किंवा धर्मादाय निधीचा असो, आधी वर्गाला मिळावा आणि कार्यक्रमाचा विचार त्यानंतर व्हावा. आज हा क्रम उलटा आहे, आणि त्याची किंमत मुले मोजत आहेत.

त्या वर्गात नेमके काय शिकवले जाते, हे आधी पाहिले पाहिजे, कारण ‘मुलांना ढोल वाजवायला आवडतात’ एवढ्यावर बरेच लोक थांबतात. जेम्बे हे एकाच ओंडक्यातून कोरून काढलेले, वर बकरीचे कातडे ताणून बसवलेले आणि हातांनी वाजवायचे वाद्य आहे. त्याचे मूळ नाद तीन आहेत: कातड्याच्या मध्यावर तळव्याने उमटणारा खर्ज, कडेजवळ जुळलेल्या बोटांनी निघणारा मोकळा नाद आणि सैल बोटांनी निघणारी कडाडती थाप. या तिन्हींतला फरक कानाला स्वच्छ कळेल इतकी हाताची तयारी व्हायला मुलाला महिनोन्‌महिने लागतात. जेम्बेच्या जोडीला डुनुन नावाचे, दोन्ही तोंडांवर कातडे चढवलेले आणि काठीने वाजवायचे तीन ढोल असतात. त्यांतला सर्वांत मोठा तो डुनुनबा, मधला सांगबान आणि सर्वांत लहान केनकेनी. गिनी-माली भागातल्या मालिंके समाजाच्या गावांतल्या पद्धतीत प्रत्येक ढोलासाठी स्वतंत्र वादक असतो आणि तो एका हाताने ढोल, तर दुसऱ्या हाताने ढोलावर बांधलेली लोखंडी घंटा वाजवतो.

केनकेनीवर बसलेल्या मुलाला बहुतेक वेळा दोन-तीन आघातांची एक छोटी आवृत्ती न डगमगता वाजवत राहायची असते. शेजारचा सांगबान वेगळ्या जागी पडतो, डुनुनबा आणखी तिसऱ्याच जागी, आणि या तिघांच्या एकत्र येण्यातून त्या तालाची खरी चाल तयार होते. एकट्या केनकेनीत ती कुठेच नसते. दुसऱ्याचे ऐकताना आपले सोडायचे नाही आणि आपले धरताना दुसऱ्याचे ऐकणे थांबवायचे नाही, ही एवढीशी वाटणारी गोष्ट नऊ वर्षांच्या मुलाला साधते, तेव्हा त्याच्या अंगात एकाग्रता आणि सहकार्य दोन्ही एकाच वेळी मुरलेले असते. प्रमुख जेम्बेवादक एक ठरलेला इशारा वाजवतो आणि त्या इशाऱ्यावर सर्वांनी एकत्र थांबायचे, वळायचे किंवा पुढच्या पदन्यासावर जायचे असते. तोंडी सूचना नसते, मोजून दाखवणारे कोणी नसते. ज्याचे लक्ष उडाले, त्याचा पाय चुकतो आणि ते त्याचे त्यालाच कळते.

नाच आणि वादन यांचे नाते तर आणखी गुंतलेले आहे. गावाच्या रिंगणात एखादी नर्तकी पुढे आली की प्रमुख वादक तिच्या पावलांवर नजर ठेवून तिची प्रत्येक हालचाल थापांनी अधोरेखित करतो. वादक नाचणाऱ्याच्या मागे जातो आणि त्याच वेळी नाचणारी त्याच्या इशाऱ्यावर वळते. म्हणून नाच न येणारा मुलगा चांगला वादक होऊ शकत नाही आणि ढोलांची आवृत्ती न कळणारी मुलगी चांगली नर्तकी होऊ शकत नाही. ज्या पथकांत वर्गाला महत्त्व आहे, तिथे प्रत्येक मूल दोन्ही बाजू शिकते. जिथे पुढच्या शनिवारचा कार्यक्रम हीच एकमेव चिंता आहे, तिथे चपळ मुले कायमची पहिल्या रांगेत आणि संकोची मुले कायमची मागे उभी राहतात, मुली नाचतात, मुलगे वाजवतात आणि ज्याला उशिरा जमते, ते मूल दोन-चार महिन्यांत यायचे बंद होते. कार्यक्रमाला आधीच तयार झालेली डझनभर मुले पुरतात, तर वर्गाचे अस्तित्वच अजून तयार न झालेल्या मुलांसाठी असते. निधीचे निकष पहिल्या गोष्टीवर बेतलेले असले, की संस्था नाइलाजाने तिकडेच झुकते.

आफ्रिकी वंशाच्या अमेरिकी मुलांच्या बाबतीत या शिक्षणाला आणखी एक अर्थ आहे आणि तो समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. 1739 च्या सप्टेंबरमध्ये दक्षिण कॅरोलायनात स्टोनो नदीच्या परिसरात गुलामांनी उठाव केला आणि ढोल वाजवत ते दक्षिणेकडे निघाले. उठाव मोडल्यानंतर 1740 मध्ये त्या वसाहतीने जो कायदा केला, त्यात गुलामांनी ढोल आणि शिंगे बाळगण्यावर बंदी घातली गेली. ढोलाचा आवाज दूरवर संदेश पोहोचवतो, माणसांना एकत्र आणतो, हे मालकांना चांगलेच उमगले होते. लुईझियानात परिस्थिती थोडी निराळी होती आणि न्यू ऑर्लिन्सच्या काँगो चौकात रविवारी वादन-नर्तन एकोणिसाव्या शतकातही चालत राहिले, पण बहुतेक ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्यांची साखळी तुटली. टाळ्या, पायांचे आघात आणि अंगावर थापा मारून धरलेले ताल यांच्या रूपाने काही शिल्लक उरले. ढोल मात्र विसाव्या शतकात पुन्हा शिकावे लागले.

ते कसे शिकले गेले, याचा इतिहास मोठा प्रेरक आहे. सिएरा लिओनच्या फ्रीटाउनहून आलेले असादाता दाफोरा यांनी 1934 मध्ये न्यूयॉर्कमध्ये आफ्रिकी नृत्यनाट्य उभे केले आणि हे नृत्य गंभीरपणे पाहण्याची कला आहे, हे तिथल्या प्रेक्षकांना पटवले. त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या पर्ल प्रायमस 1948 मध्ये रोझेनवाल्ड शिष्यवृत्तीवर पश्चिम आफ्रिकेत गेल्या आणि परतताना त्यांनी आणलेले लायबेरियाचे ‘फांगा’ हे स्वागतनृत्य पुढे अमेरिकी शाळांमध्ये घराघरातल्यासारखे परिचित झाले. नायजेरियाचे बाबातुंडे ओलातुंजी 1950 मध्ये अटलांटाला शिकायला आले आणि 1960 च्या दशकात त्यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत आफ्रिकी संस्कृतीचे केंद्र काढले. जॅझमधले विख्यात सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांनी निधनाच्या काही महिने आधी, 1967 च्या एप्रिलमध्ये, याच केंद्रात वादन केले होते. गिनीच्या राष्ट्रीय पथकात वाजवलेले लाजी कामारा 1960 च्या दशकात अमेरिकेत आले आणि जेम्बे तिथे रुजवणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. या साऱ्यांनी प्रयोग केले हे खरे, पण त्यांचे टिकलेले काम शिकवण्याचे आहे. आज जी पथके उभी आहेत, ती त्यांच्या शिष्यांनी आणि शिष्यांच्या शिष्यांनी उभी केलेली आहेत.

मिलवॉकीमध्ये सिएरा लिओनमध्ये जन्मलेल्या फर्न कॉकर यांनी 1969 मध्ये को-थी ही संस्था काढली आणि मुलांसाठी तिची स्वतंत्र शाखा चालवली. वॉशिंग्टनमध्ये सेनेगलचे असान कोंते यांची कांकुरान ही संस्था 1983 पासून काम करते आणि तिचेही मुलांचे पथक आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधले उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. तिथे चक डेव्हिस यांनी 1977 मध्ये ब्रुकलिन अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये ‘डान्सआफ्रिका’ हा महोत्सव सुरू केला, जो दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस भरतो. बेडफर्ड-स्टायव्हेसंट या वस्तीत 1967 मध्ये स्थापन झालेल्या रिस्टोरेशन या लोकविकास संस्थेचे मुलांचे नृत्यपथक या महोत्सवात मोठ्या व्यावसायिक पथकांच्या बरोबरीने रंगमंचावर उतरते. त्या दिवशी ज्येष्ठांचे मंडळ मंचावर असते, पूर्वजांना जलार्पण होते, निवेदक ‘आगो’ अशी साद घालतो आणि सभागृह ‘आमे’ असा प्रतिसाद देते. प्रेक्षकांना दिसते ते इतके. त्या आधीचे कित्येक महिने ही मुले वर्गात घालवतात आणि तो वर्ग वस्तीतच, मुलांना सहज पोहोचता येईल अशा जागी, वर्षभर भरतो. हा वर्षभराचा वर्ग वजा केला, तर मे महिन्यातला प्रयोग उभाच राहणार नाही. डेव्हिस यांचे 2017 मध्ये निधन झाले; महोत्सवाची धुरा त्यांच्या हयातीतच अब्देल सलाम यांच्याकडे आली होती. संस्थापक गेल्यावरही मुलांची पुढची तुकडी उभी राहते, याचे श्रेय मी महोत्सवाच्या झगमगाटाला देणार नाही.

कार्यक्रमाने वर्गाला गिळले, तर काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण खुद्द पश्चिम आफ्रिकेत, गिनीत सापडते. फोदेबा केयता यांनी 1950 च्या सुमारास पॅरिसमध्ये ‘ले बाले आफ्रिकें’ हे पथक बांधले. 2 ऑक्टोबर 1958 रोजी गिनी स्वतंत्र झाल्यावर ते त्या देशाचे राष्ट्रीय पथक झाले आणि 1959 मध्ये ते न्यूयॉर्कमध्येही गाजले. अध्यक्ष सेकू तुरे यांनी नृत्य-संगीत हे राज्याचे धोरण बनवले. गावागावांतून तरुण पथके, त्यांच्या स्पर्धा, जिल्ह्यातून प्रांतात आणि प्रांतातून राजधानी कोनाक्रीत निवड, अशी उतरंड उभी राहिली. या उतरंडीतून विलक्षण कलावंत घडले, हे नाकारता येणार नाही. कुरुसा भागातले फामुदू कोनाते 1959 मध्ये राष्ट्रीय पथकात आले. ईशान्य गिनीतल्या बालांदुगू गावचे मामादी केयता 1964 मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, जोलिबा या दुसऱ्या राष्ट्रीय पथकासाठी निवडले गेले आणि पुढे 1991 मध्ये ब्रुसेल्समध्ये शाळा काढून त्यांनी जगभर जेम्बेचे शिष्य तयार केले. ही माणसे नसती, तर अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या मुलांपर्यंत हे ताल पोहोचलेच नसते.

पण याच राज्याने 1959 ते 1961 च्या सुमारास आग्नेयेकडील वनप्रदेशात ‘अंधश्रद्धा निर्मूलना’ची मोहीम चालवली, पवित्र मुखवटे जप्त केले, जाळले, दीक्षाविधींवर बंदी घातली, आणि नेमके त्याच विधींतले नृत्य राष्ट्रीय रंगमंचावर सजवून परदेशी पाहुण्यांना दाखवले. गावात ज्या गोष्टीसाठी शिक्षा होती, तीच राजधानीत टाळ्या मिळवत होती. तालमीतली शिस्त कठोर होती आणि निवड झालेल्या मुलाला किंवा त्याच्या घरच्यांना नकार देण्याची मोकळीक फारशी नव्हती. प्रयोगाच्या गरजेने कलेचे रूपही बदलले. रिंगणाची जागा प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या रांगांनी घेतली. रात्रभर चालणारा एखादा ताल तीन-चार मिनिटांत बसवला गेला आणि एकामागून एक ताल जोडून त्यांची साखळी केली गेली. तीन वादकांचे तीन डुनुन एका वादकासमोर उभे रचले गेले. आज अमेरिकेतली बहुतेक पथके हीच पद्धत वापरतात आणि तिलाच ‘पारंपरिक’ म्हणतात. स्वतः फोदेबा केयता मंत्री झाले आणि 1969 मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत उभारलेल्या कँप बोइरो या तुरुंगात मारले गेले. ज्या राज्याने कलेला प्रचाराचे साधन केले, त्याने कलेच्या शिल्पकारालाही सोडले नाही.

गिनीचे उदाहरण मी अमेरिकेतल्या एखाद्या नगरपालिकेला हुकूमशहाच्या पंगतीत बसवण्यासाठी दिलेले नाही. पण प्रयोगासाठी पैसा मोजणारा, मग तो कोणीही असो, कलेला आपल्या गरजेच्या आकारात कापून घेतो, आणि मुले या मागणीपुढे सर्वांत असहाय असतात, हा धडा तिथून घेण्यासारखा आहे. मोठा कलावंत ‘हे मी करणार नाही’ असे म्हणू शकतो. दहा वर्षांच्या मुलीला कोणी विचारतही नाही.

म्हणूनच या पथकांनी आपल्या प्रत्येक सादरीकरणाचे मूळ गाव, मूळ समाज आणि मूळ प्रसंग सांगितलाच पाहिजे, असा आग्रह मी धरतो. ‘आता मुले आफ्रिकी नृत्य सादर करतील’ हे निवेदन पंचावन्न देशांच्या खंडाला एका पोत्यात भरते. कुकू हा ताल गिनीच्या बेयला भागातला आहे आणि मासेमारीवरून परतणाऱ्या स्त्रियांच्या नाचाशी तो जोडला जातो. कासा शेतात राबणाऱ्यांना उभारी देण्यासाठी वाजतो. डुनुनबा या नावाने ओळखली जाणारी तालांची मालिका हामाना प्रदेशातल्या बलवान पुरुषांच्या नाचाची आहे. सोली मुलांच्या दीक्षाविधीशी, म्हणजे सुंतेशी, निगडित आहे. शिक्षकाने हे मुलांपासून लपवण्याचे कारण नाही. त्यांच्या वयाला पेलेल अशा शब्दांत ते सांगता येते, आणि जो विधी बाहेरच्यांनी पाहूच नये असा त्या समाजाचा संकेत आहे, तो रंगमंचावर आणायचा नाही, हेही मुलांना सांगता येते. काय दाखवू नये, हे ठरवायला शिकणे हा कलाशिक्षणाचाच भाग आहे.

घानाच्या क्पानलोगो नृत्याची गोष्ट तर प्रत्येक वर्गात सांगितली जावी, असे मला वाटते. 1960 च्या दशकाच्या आरंभी आक्रा शहरातल्या गा समाजाच्या तरुणांनी जुने नाच आणि शहरी संगीत यांच्या मिश्रणातून ते घडवले. त्यातल्या कंबरेच्या हालचाली वडीलधाऱ्यांना अश्लील वाटल्या आणि विरोध झाला. अखेर घानाचे अध्यक्ष क्वामे एनक्रुमा यांच्यासमोर ते सादर झाले आणि त्यांच्या पसंतीनंतर विरोध मावळला. आज जगभरच्या शाळांत ते प्राचीन आफ्रिकी परंपरा म्हणून शिकवले जाते. परंपरा ही तरुणांनी घडवलेली गोष्ट असू शकते, हे ज्या मुलांना कळेल, ती तिच्याकडे संग्रहालयातल्या वस्तूसारखी पाहणार नाहीत. गिनीतही पूर्वी स्त्रियांनी जेम्बे वाजवण्याची रीत नव्हती. गेल्या काही दशकांत तिथे स्त्रियांची वादकपथके उभी राहिली आहेत. अमेरिकेतल्या पथकात मुलगी जेम्बेवर बसली, तर परंपरेचा भंग झाला, असे मानण्याचे कारण उरलेले नाही.

या भूमिकेवर एक आक्षेप गंभीर आहे आणि तो या कामात आयुष्य घालवलेल्या शिक्षकांकडूनच येतो. त्यांचे म्हणणे असे, की रंगमंच हीच मुलांची खरी ओढ असते. प्रयोगाची तारीख ठरली नाही, तर मुले येत नाहीत, पालक पैसे देत नाहीत आणि वर्ग ओस पडतो. शिवाय हे नृत्य चार भिंतींत कोंडण्यासाठी जन्मलेलेच नाही, ते लोकांसमोर, लोकांच्या टाळ्यांत आणि प्रतिसादांत जगते. हे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. प्रयोग नकोत, असे मी म्हणतच नाही. गावातले रिंगण हाही एक प्रयोगच असतो, फक्त तिथे पाहणारा आणि नाचणारा यांच्यात पक्की भिंत नसते. पाहणारी बाई क्षणात रिंगणात उतरते, चार पावले टाकते आणि पुन्हा मागे सरून टाळ्या धरते. मुलांच्या पथकाचे प्रयोग या पद्धतीच्या जवळ नेता येतील. वर्षात वीस फुटकळ कार्यक्रमांऐवजी तीन-चार मोठे मेळावे घ्यावेत, त्यांत नवशिक्या मुलांनाही रिंगणात पाऊल टाकता यावे, पालकांनी आणि शेजाऱ्यांनी टाळ्यांचा ठेका धरावा. ओढ तेवढीच राहील आणि मूल निवडीच्या चाळणीतून गळणार नाही.

रंगमंचावर कोणी यावे, हा दुसरा वाद आहे. काही जण म्हणतात, ही कला आफ्रिकी वंशाच्या मुलांपुरती राखून ठेवावी. काही जण म्हणतात, संगीताला वर्ण नसतो, कोणीही काहीही करावे. मालिंके समाजात कथागायन आणि कोरा-बालाफोनसारखी वाद्ये जेली घराण्यांकडे वंशपरंपरेने असतात, पण जेम्बे वाजवण्याचा हक्क असा एका घराण्याला बांधलेला नाही. रक्तातून ताल येतो, ही समजूत तर कृष्णवर्णीय मुलांवरही अन्याय करते, कारण तिच्यामुळे त्यांचे कष्ट कोणाला दिसत नाहीत. तेव्हा वर्गाचे दार सर्वांना उघडे असावे. पण पथकाचे नेतृत्व, निर्णय आणि मानधन मात्र ज्या समाजाने बंदीच्या काळातून ही विद्या परत मिळवली आणि ज्या गुरूंनी ती आफ्रिकेतून आणली, त्यांच्या हाती असावे. ज्या वस्तीत पथक उभे आहे, त्या वस्तीतल्या मुलांना आधी जागा मिळावी. दार उघडे ठेवणे आणि घराचा ताबा सोडणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

यातले ‘मानधन’ हे कळीचे आहे. चांगला गुरू असेल, तरच वर्ग असतो, आणि गुरू मिळवणे दिवसेंदिवस कठीण होत आहे. पश्चिम आफ्रिकेतला कलावंत अमेरिकेत सादरीकरणासाठी किंवा शिकवण्यासाठी यायचा, तर त्याला बहुधा पी-3 या वर्गातला व्हिसा लागतो, जो वैशिष्ट्यपूर्ण सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी दिला जातो. एप्रिल 2024 मध्ये अशा अर्जांचे शुल्क वाढले. जून 2025 मध्ये सिएरा लिओन आणि टोगो या देशांच्या नागरिकांवर अंशतः प्रवेशबंदी आली. ज्या देशाने अमेरिकेला दाफोरा दिले, तिथल्या तरुण नर्तकाला आज तिथे पोहोचणे त्यांच्या काळापेक्षा सोपे राहिलेले नाही. मे 2025 मध्ये केंद्राच्या राष्ट्रीय कलानिधीने देशभरातल्या अनेक संस्थांना आधी मंजूर केलेली अनुदाने रद्द केल्याचे कळवले. मोठी नाट्यगृहे असा धक्का देणगीदारांच्या बळावर पचवतात. मुलांच्या लहान पथकाकडे राखीव पैसा नसतोच, आणि पैसा आटला की आधी शिक्षकाचे तास कापले जातात, कारण प्रयोग कापला तर उरलेले उत्पन्नही जाईल. अशा वेळी राज्यांनी आणि शहरांनी पुढे यायला हवे, आणि अनुदान देताना ‘किती प्रेक्षकांनी पाहिले’ हा रकाना मुख्य मानणे सोडायला हवे.

मराठी वाचकाला हा प्रश्न दूरचा वाटण्याचे कारण नाही. मुंबई-पुण्यातल्या वाद्यांच्या दुकानांत आज जेम्बे सहज मिळतो, कंपन्यांच्या शिबिरांत आणि काही शाळांत लोकांना गोल बसवून तो वाजवला जातो, आणि गोव्यात हरमलच्या किनाऱ्यावर सूर्यास्ताला तो घुमतो. त्याला माझी हरकत नाही. पण ज्या मुलाच्या हाती तो दिला जातो, त्याला गिनी आणि माली नकाशावर दाखवले जात नाहीत, मालिंके हे नाव सांगितले जात नाही, आणि खर्ज, मोकळा नाद व कडाडती थाप यांतला भेद शिकवण्याआधीच ‘मनाला येईल तसे वाजवा’ असे सांगितले जाते. तबल्याच्या वर्गात पहिल्याच दिवशी कोणी असे सांगितले, तर आपण ते खपवून घेणार नाही. अमेरिकेतल्या मराठी मंडळांची मुले गणेशोत्सवाच्या मिरवणुकीसाठी ढोल-ताशा शिकतात, तेव्हा त्यांच्या शिक्षकांपुढेही हाच पेच असतो: मिरवणूक जवळ आली की ठेका घोटून घेतला जातो आणि विसर्जनानंतर ढोल पुढच्या वर्षापर्यंत गोदामात जातात. त्या मुलांच्या शाळेत फेब्रुवारीत पश्चिम आफ्रिकी पथक येते, तेव्हा निदान मराठी पालकांना तरी त्या वीस मिनिटांमागचे श्रम ओळखू यावेत.

ज्या शाळांना हे पथक बोलवायचे आहे, त्यांच्यासाठी माझी मागणी साधी आहे. सभागृहातल्या एका प्रयोगाचे पैसे देऊन मोकळे होऊ नये. त्याच पैशात थोडी भर घालून त्या पथकाच्या गुरूला सहा-आठ आठवडे, आठवड्यातून एकदा, एका इयत्तेसाठी बोलवावे, शाळेच्या वेळापत्रकात त्याला संगीताच्या तासाचा दर्जा द्यावा आणि व्यायामशाळा संध्याकाळी पथकाच्या तालमीला विनामूल्य वापरू द्यावी. फेब्रुवारीचा आग्रह सोडला, तर गुरूंना वर्षभर काम मिळेल आणि एका महिन्यात दहा ठिकाणी मुलांना पळवण्याची वेळ येणार नाही. निधी देणाऱ्या संस्थांनी अर्जात तीन गोष्टी विचाराव्यात: शिक्षकाला तासाला किती मानधन मिळते, गेल्या वर्षी आलेल्या मुलांपैकी किती जण या वर्षीही येत आहेत, आणि पथकातली मोठी मुले लहानांना शिकवू लागली आहेत का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर त्या पथकाला एका वर्षाचे नव्हे, निदान तीन वर्षांचे अनुदान एकदम मंजूर करावे, म्हणजे केनकेनीपासून सुरुवात केलेले मूल सांगबानपर्यंत पोहोचेस्तोवर त्याचा वर्ग बंद पडणार नाही.